तीन ब्रास वाळू, चाळीस मीटर जमीन

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


दुष्काळी पट्ट्यातल्या एका हायस्कूलात एकतीस वर्षं पी.टी. शिकवून मी निवृत्त झालो. हे पत्र पेन्शनसाठी नाही, रिक्त पदांसाठीही नाही; त्यावर संघटना बोलतातच. मला बोलायचं आहे ते लांब उडीबद्दल. हा खेळ आपल्याकडे वर्षातून एकदा मोजला जातो, पण वर्षभर शिकवला जात नाही, आणि त्याचं दुःख मुलांच्या वाट्याला येतं.

एका मुलीपासून सुरुवात करतो. आठवीत होती. शाळेमागच्या खड्ड्यात श्रावणभर ती ४.६० मीटरच्या पुढे पडत होती. तिचा रन-अप चौदा पावलांचा, टेपने मोजलेला, २५ मीटर ४० सेंटिमीटर. जिल्हा स्पर्धेला गेलो. मैदान कुठलं ते लिहीत नाही, कारण तशी मैदानं मी पुष्कळ पाहिली. धावपट्टीच्या टोकाशी पाहुण्यांच्या मंडपाचा दोर ताणून बांधलेला होता. फळीपासून दोरापर्यंत जेमतेम बावीस मीटर. "एक ट्रायल मिळेल का?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "वेळ नाही सर, एन्ट्री खूप आहेत." पोरीने तीन मीटर पुढून धावायला सुरुवात केली. पहिली उडी फाऊल. दुसरी फाऊल. तिसऱ्या वेळी घाबरून ती फळीच्या हातभर अलीकडूनच उडाली आणि चार मीटरही झाले नाहीत. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सर, माझा पाय चुकला."

तिचा पाय चुकला नव्हता. हे मी तिला तेव्हाच सांगितलं. आता आपल्याला सांगतो आहे.

लांब उडीची फळी वीस सेंटिमीटर रुंद असते. तिच्या खड्ड्याकडच्या कडेपलीकडे बुटाचं टोक गेलं की फाऊल. मागे राहिलं तर तेवढं अंतर वाया, कारण मोजणी पायापासून होत नाही, त्या कडेपासून होते. पंधरा सेंटिमीटर अलीकडून उडालेल्या मुलाच्या उडीतून पंधरा सेंटिमीटर गेलेच. तेवढंच अंतर ताकद वाढवून कमवायचं म्हटलं तर अख्खा हंगाम लागतो. पूर्ण वेगात धावत येऊन त्या वीतभर पट्टीवर पाय नेमका पडावा लागतो, आणि तो नजरेने पडत नाही, सवयीने पडतो. फळी शोधायला मान खाली घातली की वेग तिथेच मोडतो.

मोठमोठ्यांचंही हे चुकतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब बीमन पात्रता फेरीत दोनदा फाऊल झाला. एकच संधी उरली होती. तेव्हा त्याच्याच संघातल्या राल्फ बोस्टनने त्याला फळीच्या बरंच अलीकडून उडायला सांगितलं. बीमनने ऐकलं, पात्र ठरला, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत ८.९० मीटर उडाला. तो विक्रम जवळजवळ तेवीस वर्षं टिकला. १९९१ साली तोक्योत माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारून तो मोडला. आदल्या दिवशी तिसराही फाऊल झाला असता तर जगाला ती उडी दिसलीच नसती. आमच्या मुलीला मी काठावरून तसंच काही ओरडून सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. ती खंत मला आजही आहे.

शिकवण्यातही माझी एक मोठी चूक झाली आहे, तीही इथे लिहितो, कारण तीच चूक आज शेकडो मैदानांवर होत असणार. पहिली दहा वर्षं मी मुलांना ओरडून सांगायचो, "उंच उड! वर, वर!" खड्ड्यापुढे दोरीसुद्धा धरायचो. पुस्तकात वाचलं होतं की फेकलेली वस्तू पंचेचाळीस अंशांनी सुटली तर सर्वांत लांब जाते. पण माणूस म्हणजे गोफणीतला दगड नव्हे. जिवाच्या आकांताने धावत आलेल्या उडीपटूचा पाय फळीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून किंचित जास्त टेकतो. एवढ्या वेळात धावण्याचा सगळा वेग वर वळवता येत नाही. पंचेचाळीस अंश गाठायचे तर आधी वेग मारावा लागेल. म्हणून जगातले उत्तम उडीपटू सुमारे वीस अंशांनीच उडतात आणि धावताना कमावलेला वेग शक्य तितका शाबूत ठेवून हवेत नेतात. माझी मुलं मात्र माझं ऐकून फळीपाशी ब्रेक लावायची, उंच उसळायची आणि जवळच पडायची.

उडीची लांबी मुख्यतः वेगातून येते. जेसी ओवेन्सने १९३६ साली बर्लिनमध्ये १०० मीटर, २०० मीटर, रिले आणि लांब उडी अशी चार सुवर्णपदकं घेतली. कार्ल लुईसने १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये नेमकी तीच चार घेतली. लांब उडीतलं सुवर्ण तर त्याने १९९६ पर्यंत सलग चार ऑलिंपिकमध्ये सोडलं नाही. वेगाने धावणाऱ्या प्रत्येकाला उडी जमतेच असं नाही, पण मंद धावणाऱ्याला लांब उडी जमल्याचं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही.

मग वेग वाढवायचा कसा? इथे आपली पी.टी.च्या तासाची जुनी सवय आडवी येते. "ग्राउंडला दहा राउंड मारा." उशीर झाला, दहा राउंड. गणवेश नाही, दहा राउंड. सरावाची सुरुवात, दहा राउंड. उडीपटूच्या पायांना ही शिक्षाच आहे. त्याला वीस, तीस, फार तर पन्नास मीटर पूर्ण जोराने पळायचं असतं, आणि प्रत्येक वेळी पूर्ण विश्रांती घ्यायची असते. दहा मीटरमागे साधारण एक मिनिट, म्हणजे तीस मीटर धावल्यावर तीन मिनिटं. दमलेल्या शरीराने धावलं की शरीर दमून धावायलाच शिकतं. माझी मुलं धावून आली की कडुनिंबाखाली बसायची. ते पाहून पालक म्हणायचे, "सर पोरांना बसवून ठेवतात." त्या बसण्याचा अर्थ मला त्यांना समजावून सांगता यायचा. वरून तपासणीला येणाऱ्यांना तो समजावणं मात्र अवघड जायचं.

उड्यांचंही तसंच. पूर्ण रन-अप घेऊन रोज तीस-चाळीस उड्या मारल्याने सुधारणा होत नाही, गुडघे जातात. सहा-आठ पावलांच्या छोट्या रन-अपवरून आठ-दहा उड्या, आठवड्यातून दोनदा, एवढं शाळकरी मुलांना पुरतं. पूर्ण रन-अप वेगळा घोटायचा: धावत यायचं, फळीवर पाय ठेवायचा आणि न उडता सरळ पुढे निघून जायचं. बाकी ताकदीसाठी आपल्या मातीत काय कमी आहे? लंगडी हा एका पायाची उसळी वाढवणारा उत्तम व्यायाम आहे. खो-खोत उठल्याक्षणी जो वेग घ्यावा लागतो, तो धावपट्टीवरच्या पहिल्या पावलांच्या कामी येतो. माझ्या चांगल्या उडीपटूंपैकी बहुतेकजण आधी खो-खोत होते. मात्र हे सगळं गवतावर किंवा मऊ मातीवर हवं. अकरा ते चौदा या वयात हाडं झपाट्याने वाढतात आणि स्नायुबंध जिथे हाडाला धरतात ती जागा कोवळी असते. या वयात गुडघ्याखाली टेंगूळ येतं, टाच ठणकते. टाच दुखते म्हणणाऱ्या मुलाला पूर्वी मी "नाटक करू नको" म्हणालो आहे. ते नाटक नसतं. त्याला थांबवायचं असतं.

शेवटची दोन पावलं ही या खेळातली सर्वांत नाजूक जागा. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब पडतं आणि कंबर किंचित खाली जाते. शेवटचं पाऊल आखूड आणि चपळ. त्यातूनच शरीर वर उचललं जातं. हे मी मुलांना शब्दांत सांगून थकलो. कंबर खाली न्या म्हटलं की ती बसायचीच. शेवटी उपाय सापडला तो लेझीमच्या तासाला. आमच्याकडे हलगी होती. मी हलगीवर ठेका धरला: सारखे ठोके, मग एक लांबलेला आणि त्याला चिकटून एक झटपट. "टाक, टाक, टाक, टाऽक-टक्!" मुलं ठेक्यावर धावली आणि जे दोन वर्षांत सांगून आलं नव्हतं ते पंधरवड्यात पायांत बसलं. कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ज्या शाळेत लेझीम आहे, तिथे हे साधन आजही भिंतीला टांगलेलं आहे.

हवेत पाय मारण्याचं वेड मोबाइलमुळे वाढलं आहे. व्हिडिओ पाहून सातवीतली मुलंही हिच-किक करू बघतात. जमिनीवरून पाय सुटला की शरीर कुठल्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं. हवेत सायकल चालवून ती वाट लांबत नाही. अंग पुढे कोलमडू नये, एवढ्यासाठीच मोठे खेळाडू ते करतात. शाळकरी मुलाने छाती वर ठेवावी, टाचा पुढे काढाव्यात आणि मागे हात टेकू नये. मागे टेकलेला हात वीत-दोन वीत अंतर सहज खातो, कारण फळीला सर्वांत जवळ असलेली खूणच मोजली जाते.

आता रन-अप मोजण्याबद्दल, कारण माझी मुख्य मागणी त्याच्याशी जोडलेली आहे. आम्ही ट्रॅकवर एक रेघ मारायचो. मुलाने उडीच्या पायाच्या हिशेबाने नेहमी एकाच पायाने सुरुवात करून पूर्ण वेगात चौदा पावलं धावायचं आणि चौदावं पाऊल पडलं तिथे फक्कीची खूण करायची. असं सहा-सात वेळा. खुणा जिथे दाटीने पडल्या ते अंतर टेपने मोजून धावपट्टीवर घ्यायचं. समोरून वारा असेल तर पावलं आखडतात, सुरुवातीची खूण थोडी पुढे न्यायची; पाठीवर वारा असेल तर मागे. ओल्या मातीत पुन्हा वेगळा हिशेब. आणि मूल वाढत असतं. जूनमध्ये मोजलेला रन-अप दिवाळीला चालत नाही. म्हणून तर स्पर्धेच्या जागी एक-दोन ट्रायल मिळणं ही चैन नाही. त्या दिवशीच्या मातीशी आणि वाऱ्याशी मुलाची ओळख तेवढ्यातच होते.

महोदय, आपल्या राज्याने लांब पल्ल्याच्या धावण्यात देशाला मोठी माणसं दिली. नाशिकच्या आदिवासी भागातून कविता राऊत आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक घेऊन आला. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्याचबरोबर एक गोष्ट टोचते. गावाचा रस्ता फुकट असतो. त्यावर पहाटे धावायला कोणाची परवानगी लागत नाही, कोणी काही बांधून द्यावं लागत नाही. उडीचा खड्डा मात्र कोणीतरी खणावा लागतो आणि सांभाळावा लागतो. आपली मुलं जिथे सरकारची गरज नव्हती तिथे पुढे गेली.

केरळकडे पाहा. टी. सी. योहन्नान १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर उडाला. तो राष्ट्रीय विक्रम सुमारे तीस वर्षं टिकला. पुढच्या, १९७८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा सुरेश बाबू केरळचाच. अंजू बॉबी जॉर्ज, मयुखा जॉनी, प्रजुषा, श्रीशंकर, अॅन्सी सोजन, सगळे तिथलेच. केरळच्या पाण्यात काही वेगळं आहे असं मला वाटत नाही. अंजू शाळेत असताना कोट्टायम जिल्ह्यातल्या कोरुथोडूच्या शाळेत के. पी. थॉमस नावाच्या शिक्षकाकडे शिकली. डोंगराळ भागातलं गाव, तिथली साधी शाळा, आणि तिथे खेळ जाणणारा एक माणूस वर्षानुवर्षं टिकून राहिला. तिथून निघालेली मुलगी २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी मारून कांस्यपदक घेऊन आली. जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत भारताचं ते पहिलं पदक. त्याआधी ती माइक पॉवेलकडे शिकायला गेली होती, पण पॉवेलपर्यंत पोहोचण्याची सुरुवात कोरुथोडूत झाली. पुढच्या वर्षी अथेन्समध्ये ती ६.८३ मीटर उडाली आणि त्यानंतरची वीस वर्षं ती उडी कोणा भारतीय मुलीला ओलांडता आली नाही. श्रीशंकरचं घरच मैदान होतं, वडील एस. मुरली स्वतः तिहेरी उडीचे खेळाडू आणि तेच त्याचे प्रशिक्षक. २०२३ साली तो ८.४१ मीटर उडाला. तमिळनाडूच्या जेस्विन ऑल्ड्रिनने त्याच वर्षी ८.४२ मीटर उडी मारली.

आपल्याकडे एकेकाळी खड्डे होते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत लांब उडीला गुण होते, तेव्हा भरतीची पोरं पहाटे पाचला स्वतः फावडी घेऊन खड्डा उकरायची आणि सकाळी माझ्या मुलांना तो मऊ मिळायचा. पुढे भरतीतून उडी गेली. धावणं आणि गोळाफेक राहिली. त्याबरोबर खड्डेही गेले. आमच्या भागातल्या कितीतरी खड्ड्यांत आज गाजर गवत आहे. जे उरलेत, त्यातली वाळू पावसाने बसून लादीसारखी घट्ट होते आणि स्पर्धेच्या दिवशी वरवर दाताळं फिरवून तसंच काम चालवलं जातं. अशा खड्ड्यात पडणारं मूल दुसऱ्या उडीपासून जपून उडतं. टाचा पुढे काढायला सांगणारा शिक्षक काय सांगणार? मुलाचं शरीरच त्याला पाय खाली घ्यायला सांगत असतं. वाळूत काच निघाल्याचं मी पाहिलं आहे. एका मुलाचा घोटा मुरगळून तो वर्षभर मैदानाबाहेर बसल्याचंही पाहिलं आहे.

वाळू महाग आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून हिशेब करूनच लिहितो. आठ मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल खड्डा भरायला साधारण तीन ब्रास वाळू लागते. शाळकरी मुलांना एवढा खड्डा पुरेसा आहे. तालुक्यातालुक्यात बेकायदा उपशाची वाळू जप्त होते आणि तिचे ढीग तहसील कार्यालयाच्या आवारात पडून राहतात. घरकुलांसाठी शासन वाळू देतं, ते योग्यच आहे. त्याच पद्धतीने प्रत्येक तालुक्यातल्या एका खड्ड्याला जप्त वाळूतून तीन ब्रास द्यावी, एवढा निर्णय आपण महसूल खात्याशी बोलून करू शकता. खड्ड्यापुढे चाळीस मीटर सपाट पट्टी हवी. सिंथेटिक नको, दाबलेल्या मुरमाची चालेल. लाकडाची फळी गावचा सुतार करून देतो.

यासाठी नवीन संकुल नको, उद्घाटन नको. परिपत्रकात चारच गोष्टी स्पष्ट लिहा. शालेय स्पर्धेचा खड्डा आदल्या दिवशी पूर्ण खोलीपर्यंत खणून मोकळा केलेला असावा. धावपट्टी चाळीस मीटर मोकळी असावी आणि तिच्यावर कोणाचाही मंडप येऊ नये, आपल्या स्वागताचाही नाही. प्रत्येक मुलाला स्पर्धेआधी रन-अपच्या दोन ट्रायल मिळाव्यात. प्रवेशिका जास्त असतील तर त्यासाठी स्पर्धा दोन दिवस चालवावी. आणि तालुक्यातल्या एका तरी क्रीडाशिक्षकाला उडी शिकवण्याचं खरं प्रशिक्षण द्यावं: मैदानावर, टेप हातात घेऊन, किमान दहा दिवसांचं. शिबिरात त्याला स्लाइड दाखवून परत पाठवू नका. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची बदली काही वर्षं करू नका. मुलाला उडीत घडवायला चार-पाच वर्षं लागतात आणि तेवढा काळ शिकवणारा हलता कामा नये.

तालुका स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात. या वर्षी त्याआधी एका तालुक्यापासून तरी सुरुवात करा, कुठलाही निवडा. वाळू कधी पडणार ते कळवा. फावडं आणि टेप घेऊन मी येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक